बाहीतलं कापड

लग्नात माझा नवरा जेमतेम पंधराचा होता. सासरे शिंपी. त्यांनी त्याच्या कोटाच्या बाह्यांत भरपूर कापड दुमडून ठेवलं. "वाढतं अंग आहे, दरवर्षी उसवून लांब करू," म्हणाले.

वर्ष सरायच्या आतच तो तापानं गेला.

तरी दरवर्षी सासरे कोट काढायचे आणि बाह्या बोटभर लांब करायचे. सासूबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. माझं तर डोकंच फिरायचं, पण सासऱ्यांना नीट दिसत नाही म्हणून सुईत दोरा मीच ओवून द्यायचे.

यंदा दुमडलेलं कापड संपलं. ते बाही चाचपत बसले. "सूनबाई, आता हा वाढायचा नाही गं."

मी माझ्या लग्नातल्या साडीला कात्री लावली आणि तुकडा त्यांच्यापुढे टाकला.

"जोड द्या," म्हटलं.