पाकळीच्या घडीतला लाल रंग

जास्वंद पांढरं झालं होतं, पण पुरतं नव्हे. पाकळ्या जिथं एकमेकींवर येतात त्या घडीत सुतळीएवढी लाल पट्टी उरली होती. फूल ज्यानं पांढरं केलं त्याला घडीत शिरता आलं नव्हतं.

"समद्यांची फुलं पांढरी हुत्यात, बाई," भामाबाई भिंतीला टेकून दम घेत म्हणाली. "माझ्याच फुलात लाल ऱ्हातंय. नाथाजी महाराज म्हणलं, पाप उरलंय. तुमास्नी दावायला पदरात चोरून आनलं."

पलूसजवळच्या या गावात मी हायस्कुलात शास्त्र शिकवत होते आणि भामाबाईच्या घरी भाड्यानं राहत होते. तिचा नवरा पलटणीत. तिला दमा, रात्रभर उशी छातीशी धरून बसलेली असायची.

"मिरजेच्या डॉक्टरांकडे कधी नेणार?" मी तिच्या सासूला, येसूबाईला, विचारलं.

"महाराजांनी अजून पाच मंगळवार सांगितल्यात. मग बघू."

हे 'बघू' दिवाळीपासून चाललं होतं. आता आंब्याला मोहर आला होता.

मंगळवारी मी पिशवी भरून दोघींबरोबर महाराजांच्या मठात गेले. पत्र्याच्या शेडात पाय ठेवायला जागा नव्हती. नाथाजी महाराज पूर्वी साखर कारखान्यात कामाला होते. तिथून सुटले आणि थेट देवीआईच्या सेवेला लागले, असं लोक सांगत.

"आईचा धूर आत गेला की खोकला भाईर!" महाराज गर्जत होते. "खोकला म्हंजी काय? पाप! खोका रं, लाजू नगा!"

लोक खोकत होते. त्या धुरात न खोकून सांगणार कोणाला? जितका खोकला मोठा, तितका जयजयकार मोठा.

विधी सोपा होता. पाण्यात भिजवलेलं लाल जास्वंद ताटलीत, शेजारी धुपाटणं, वर पालथं घमेलं. थोड्या वेळानं घमेलं उचललं की फूल पांढरं. ते लगेच हौदात टाकायचं, पाप घरी न्यायचं नाही. मग दमेकऱ्यानं त्याच धुपाटण्यावर तोंड धरायचं आणि वरून घोंगडं.

वास आला तशी माझी शंका खरी ठरली. शेजारचे कोंडीबा छाती फुगवून म्हणाले, "वळखीचा वास हाय न्हवं, बाई? साखरंच्या भट्टीगत! आई आपल्याच कारखान्याची हाय, म्हनून तर पावती." चोर दारात उभा आहे आणि घरधनी म्हणतोय, चेहरा ओळखीचा आहे, पाहुणाच असणार.

भामाबाईचं फूल निघालं. महाराजांनी पाकळ्या उलगडून सगळ्यांना घडी दाखवली. "लाल! अजून लाल!" बाकीच्यांची फुलं कोणी उलगडत नव्हतं. भामाबाईच्या सासरचा ऊस मोठा; आणि ज्याचा ऊस मोठा, त्याचं पाप जरा चिवट असतं.

तिच्यावर घोंगडं पडलं. आतून शिट्टीसारखा आवाज आला, मग तोही थांबला. मी घोंगडं ओढलं. ओठ निळसर झाले होते. तिला दंडाला धरून बाहेर निंबाखाली आणलं. श्वास परत सुरू होईपर्यंत मी तिची पाठ चोळत राहिले.

"आईचा कोप हुईल!" महाराज मागोमाग आले, गर्दीही आली.

"होऊ दे. तोवर हे बघा."

पिशवीतून काचेची बरणी काढली. द्राक्षबागेवर मारतात ती गंधकाची भुकटी पळीत पेटवून आत सोडली, ओलं जास्वंद टाकलं, झाकण लावलं. फूल फिकट होत होत पांढरं झालं.

"मंतर कवा म्हनला?" कोणीतरी विचारलं.

"म्हटलाच नाही."

मग ते फूल शाळेतून आणलेल्या सौम्य आम्लात बुडवलं. लाल रंग परत चढू लागला.

"आयला, पाप माघारी आलं!" मागून कोणी ओरडलं, आणि पहिल्यांदाच त्या मठात माणसं हसली.

"ही आईची माया हाय—"

"माया कशाची?" कोंडीबा पुढं झाले. "नाथाजी, तू कारखान्यात गंधकाच्या भट्टीवरच हुतास की रं!"

महाराजांनी हौदाकडं पाहिलं. तिथंही फुलांच्या कडा तांबूस होऊ लागल्या होत्या.

मी सांगितलं ते एवढंच. गंधक जळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि त्याचा एक वायू होतो. तो फुलाचा रंग तात्पुरता झाकतो, तो सुटला की रंग परत येतो; कारखान्यात साखरही तोच पांढरी करतो. ओल्या छातीत शिरला की त्याचं आम्ल होतं. स्टेशनात कोळशाचं इंजिन थांबलं की घसा खवखवतो, त्या धुरातही तोच असतो. पावसाच्या थेंबात मिसळला तर पाऊसही आंबट होतो. हवा लय मोठी, सगळं गिळेल, असं आपल्याला वाटतं. पण आपण हवेत सोडू तेच आपल्याला श्वासात ओढावं लागतं. तिथं पाप-पुण्य चालत नाही. म्हणून धूर कोणाचाही असो, देवाचा असो की चिमणीचा, आधी विचारा, यात काय जळतंय?

येसूबाईनं पदरानं सुनेचं तोंड पुसलं.

"बघू," ती पुटपुटली, "पोराला सुट्टी मिळाली म्हंजी..."

भामाबाईनं तिचा हात बाजूला केला. बोलायला तिला तीन वेळा दम घ्यावा लागला.

"आता बघायचं न्हाई, आत्याबाई. उद्या सकाळच्या गाडीनं... मी मिरजेला जानार."