घोड्यांची गळपट्टी

थेल्माच्या डोळ्यांना हल्ली काळी लोकर धड दिसत नव्हती, आणि लेकीने धाडली ती नेमकी काळी-पांढरी. नौपाड्यातल्या दुकानासाठी तान्ह्या बाळांचे स्वेटर विणून विणून बोटं आधीच आंबलेली. पण कार्मेलला नाही म्हणायची छाती कुणाची?

कार्मेल चार वर्षं तिकडे वेल्समध्ये नर्स. तिने लिहिलं होतं, 'मम्मी, इकडे ऐन थंडीत घोड्याच्या कवटीला चादर पांघरतात, रिबिनी बांधतात आणि दारोदार नेतात. बाहेरचे गाऊन म्हणतात आत घ्या, आतले गाऊनच नाही म्हणतात. शेवटी दार उघडतंच. यंदा मलाही बोलावलंय गाणाऱ्यांत! सगळ्यांच्या गळ्यात लोकरीची, घोडे विणलेली गोल पट्टी असते, डोक्यातून घालायची. माझी तू विण. नाताळला येणं मात्र जमणार नाही.'

हे शेवटचं वाक्य दर वर्षीचंच.

कळव्याच्या उकाड्यात मांडीवर लोकर घेऊन थेल्मा महिनाभर बसली. कार्मेलने धाडलेल्या नक्षीच्या कागदावरची एकेक चौकट मोजायची, टाका घालायचा, चुकला की उसवायचा. बारा घोडे झाले तेव्हा मान मोडायची बाकी होती. शेजारचा डॉमनिक परवाच्या विमानाने पट्टी घेऊन तिकडे निघणार होता. तिने पट्टी डोक्यातून घालून बघितली, ती कपाळाशी अडकली ती अडकलीच.

आता बोला! जन्मभर पुढून बटणांचे स्वेटर विणलेली बाई. डोक्यातून घालायचं काही तिने कधी विणलंच नव्हतं. माप घेतलं ते गळ्याचं. सगळं मुसळ केरात. थेल्मा मटकन खाली बसली आणि रडली.

"लिही तिला, जमलं नाही," मॉरिस म्हणाला. थेल्माचा नवरा, पण कार्मेलचा बापही; त्यालाही लेक यायला हवी होती. "म्हणावं, स्वतः ये, माप दे, मग विणते."

थेल्माला तेच हवं होतं. खोटं कशाला बोला, फार हवं होतं. तिने कागद घेतला, 'माझ्या बाय' एवढं लिहिलं. मग तिच्या डोळ्यांपुढे कार्मेल आली. थंडीत, परक्या दारात, सगळ्यांच्यात एकटीच उघड्या गळ्याची. पुढे पेन हलेना.

ती उठली. दोन घोड्यांच्या मधोमध मशीनवर उभ्या दोन शिवणी मारल्या आणि जीव मुठीत धरून मधून कात्री चालवली. महिन्याचं काम उभं कापलं, पण टाका सुटला नाही. एका काठाला पट्टी लावली, दुसऱ्याला बटणांसाठी काजं केली. मग पेटीतून कार्मेलचा बाळपणीचा स्वेटर काढून त्याची चारही बटणं उसवली.

"अगो, हा तर नातवाला ठेवलेलास ना?" मॉरिस कळवळला.

"नातू काय कळव्यात जन्मणार आहे?" थेल्मा सुईत दोरा ओवायला धडपडत म्हणाली. "थंडी तिकडे आहे. बटणंही तिकडेच लागणार. धरा हा दोरा, मला दिसत नाही."