माहिती बरोबर आहे का?

“जन्मभराचं वचन देऊ नकोस, बाई. आजच्या दिवसाचं दे, आणि तेवढं पाळ.”

विहारातल्या कचरूबाबांचे हे बोल निकिताला रोज सकाळी पंचशील म्हणताना आठवायचे. खोटं बोलणार नाही, हे शील ती वडिलांच्या माघारी एकेका दिवसापुरतं घेत आली होती. आजही घेतलं होतं. आणि दुपारी, बुधवार पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर क्लासात, नेमकं तेच पणाला लागलं.

क्लासात शिकणारी मुलं नऊ. सरकारी योजनेच्या कागदावर चाळीस. तीनला पाहणीची मंडळी येणार होती आणि सर्व्हरवर चाळीसजणांची खाती दिसायला हवी होती. सर्व्हर निकिताच सांभाळायची.

“उरलेले एकतीस टाका,” अनिरुद्ध सर तिच्या खुर्चीमागेच उभे राहिले. “मुलं नसली तरी नावं भरपूर आहेत आपल्याकडे.”

नोकरी देताना त्यांनी तिच्या मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या होत्या. त्या समोरच्या कपाटात, आणि किल्ली सरांच्या खिशात. तिनं काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप केली: नवा युजर, पृथ्वीराज. पासवर्ड झाला, पूर्ण नाव झालं. शेवटी यंत्रानं विचारलं, माहिती बरोबर आहे का?

तिनं ‘नाही’ दाबलं. यंत्रानं निमूटपणे पुन्हा पूर्ण नाव विचारलं. पुन्हा ‘नाही’. पुन्हा नाव.

“अहो निकिताताई, ‘हो’ म्हटल्याशिवाय सोडत नाही ते. माझ्यासारखंच आहे.”

“सर, हा मुलगा आहे कुठे?”

“तुमच्या गुणपत्रिकांशेजारी. कपाटात.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मंडळी खाली येऊन ठेपली होती. “चहा पाजून आणतो. दहा मिनिटं आहेत तुम्हाला,” म्हणत सर गेले. जाताना बाहेरून कडी घातली.

निकितानं कंट्रोल-सी दाबून प्रश्न तोडला. पण खातं आधीच तयार झालेलं. पृथ्वीराज आत शिरून बसला होता. तिनं त्याला काढून टाकायची आज्ञा दिली आणि मग यादी मागवली. रुपालीपासून सोनबापर्यंत, नऊ नावं.

तिनं एकदा कपाटाकडे पाहिलं. आजचा दिवस अजून अर्धा उरला होता.

जिन्यावर चपला वाजल्या. सरांचं हसू ऐकू आलं, मग कडीचा आवाज. निकितानं मॉनिटर दाराकडे वळवला, ओढणी सारखी केली आणि उठून उभी राहिली.