गरम पाण्याच्या गावाहून फोन

समजा, तुमच्या हातात फोन आहे. फोनवर तुमची ताई हसते आहे, आणि तो तुम्हाला अशा बेताने धरायचा आहे की तिला तुमचा चेहरा दिसावा, पण मागची भिंत दिसू नये. हात अवघडतो, तरी खाली घ्यायचा नाही. धरून बघा बरं थोडा वेळ.

दहा वर्षांची सलोनी तसाच फोन धरून उभी होती. तिच्या मागे भिंतीशी स्टुलावर आजोबांचा फोटो होता. फोटोला हार होता, पुढे दिवा तेवत होता. आजोबा बुधवारी गेले. तेव्हापासून परदेशातल्या पापाटोएटो गावातल्या त्या घरात स्वयंपाक होत नव्हता, ओळखीची माणसं डबे आणून देत होती. स्वरदाताईला मात्र कोणी कळवलं नव्हतं. ती एका सेमिस्टरसाठी इंग्लंडला गेली होती आणि तिचा शेवटचा पेपर सोमवारी होता.

"पेपर झाला की मी स्वतः सांगेन," बाबांनी बजावलं होतं. "आजोबा झोपलेत म्हणायचं. कळलं?"

आज डबा घेऊन विनयाकाकू आल्या होत्या. त्या इथल्याच हॉस्पिटलात नर्स होत्या. बाबांचं बोलणं ऐकून त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं.

"प्रसाद, मी इथे शिकत होते तेव्हा आई गेली माझी. मलाही परीक्षा झाल्यावरच सांगितलं. पास झाले मी, चांगली पास झाले. पण मधले दिवस मी रोज घरी फोन करून खिदळत होते रे. सगळे ऐकत होते, आणि मी खिदळत होते."

"तिचं वर्ष जाईल, विनया."

"जाईलही," काकू म्हणाल्या. तेवढ्यात फोन वाजला होता.

इथे जेवणं उरकली होती, ताईकडे सकाळ होती. ती मेगन या मैत्रिणीबरोबर एका दिवसासाठी बाथ गावाला आली होती. तिथे गरम पाण्याच्या झऱ्यावर रोमन लोकांनी फार पूर्वी बांधलेली स्नानगृहं आहेत.

"हे बघ पाणी, सलू! हिरवंगार. वाफ दिसतेय?"

"ग्रोस! त्यात पोहतात?"

"हात लावायचीसुद्धा बंदी आहे. टॉग्ज, पोहायचे कपडे, आणून उपयोग नव्हता. बरं, आजोबांना दे."

सलोनीने सोफ्याकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली.

"ही इज स्लीपिंग."

"आत्ता? आणि कालसुद्धा झोपलेलेच होते! उठव ना. म्हणावं, तुमचं गटार सापडलं."

आजोबांची सगळी नोकरी साताऱ्याला पाणीपुरवठा खात्यात गेली होती. ताई निघाली तेव्हा विमानतळावर सगळे 'जपून राहा, वेळेवर जेव' म्हणत होते, आणि आजोबा म्हणाले होते, "पुतळेबितळे सगळेच बघतात. तू मला रोमन लोकांचं गटार दाखव. जादा पाणी अजून त्यातूनच नदीला जातं म्हणे. बांधणाऱ्याने उतार कसा धरलाय ते बघायचंय मला."

"बरं, नको उठवू," ताई म्हणाली. "फोन उशाशी ठेव त्यांच्या. मी हळूच बोलते. जाग आली तर बघतील."

सलोनी आजोबांच्या खोलीत गेली. खाटेवर गादी नव्हती, नुसत्या फळ्या होत्या. उशी तर नव्हतीच. ती फळ्यांवर बसली आणि ताईला काही दिसू नये म्हणून फोन छातीशी घट्ट धरला.

"आजोबा," फोनमधून हलका आवाज आला, "हे बघा. दगडी आहे, वर कमान. पाणी जिथून पडतं तिथे दगड नारिंगी झालेत. अजून चालू आहे, आजोबा! आवाज ऐका."

पाण्याचा आवाज आला. नळ उघडा राहिल्यासारखा, पण जाडसर. खोलीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

"लोक माझ्याकडे बघताहेत," ताई म्हणाली. "सगळे तिकडे देवीच्या मुखवट्याचे फोटो काढताहेत, आणि ही बाई गटाराचा!"

ती हसली. तोंडावर हात ठेवून, आजोबांची झोप मोडू नये अशी. आणि मग न राहवून खिदळली.

सलोनीने फोन छातीपासून थोडा लांब केला.

"ताई, मेगन कुठेय?"

"कॉफी आणायला गेलीय. का गं?"

"तिला बोलव."

"आत्ता? येईल की ती."

"नो. गेट हर. आणि मग दोघी कुठेतरी बसा. प्लीज, ताई."

बाबा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी मान हलवली, नको नको अशी, आणि फोनसाठी हात पुढे केला. त्यांच्या मागे विनयाकाकू होत्या. त्या पुढे आल्या नाहीत.

फोनमध्ये पाणी तेवढं वाहत होतं.

"सलू," ताईचा आवाज बदलला होता. "बाबा आहेत का तिथे? काय झालंय?"

"मेगन आली?"

बऱ्याच वेळाने दुसरा एक आवाज आला, इंग्रजीत काहीतरी विचारणारा. मग पाण्याचा आवाज लांब गेला.

"आली. बसलोय आम्ही."

बाबांचा हात अजून पुढेच होता, पण आता तो कशासाठी पुढे आहे हे त्यांनाही ठाऊक नसावं. सलोनीने तो हात धरला, त्यांना फळ्यांवर आपल्याजवळ बसवलं, आणि फोन त्यांच्याकडे वळवला.