पहिल्या रांगेतला मुसल्ला

मी एक जुना मुसल्ला आहे. नमाजेसाठी अंथरतात ती माणूसभर लांबीची सतरंजी. मित्रांनो, माझ्या अंगाला अत्तराचा वास येतो म्हणून माझा हेवा करू नका. मला त्या वासाची शिसारी आहे.

मला एका विधवा विणकरणीनं विणलं. मागावर बसण्याआधी ती नमाजेला जावं तसे हातपाय, तोंड धुवायची. धोटा फेकता फेकता गुणगुणायची:

ताणा घातला इमानाचा, बाणा घातला सबुरीचा,
मधे माणूस उसवला तर काय उपयोग जरीचा?

जरीची तार माझ्यात नव्हतीच. लाल सूत, काळी किनार, संपलं.

एका ठेकेदारानं मला घरी नेलं. सुरुवातीला बरा माणूस होता हो! त्याची मुलगी तापातून उठली, त्या सकाळी माझ्यावर कपाळ टेकून असा रडला, की दुपारपर्यंत मी वाळलो नाही. तेवढी एक ओल मी जन्मभर पुरवून वापरली.

पुढं तो मशिदीचा अध्यक्ष झाला, आणि मी झालो त्याच्या जागेचा पहारेकरी. मशिदीत जो आधी येईल तो पुढं, मग राजा असो की रंक. पण मला पहिल्या रांगेत कायमचं पसरून ठेवलं. हा यायचा सगळ्यांच्या शेवटी, अत्तरात न्हाऊन, बसलेल्यांच्या खांद्यांवरून टांगा टाकत. सजदा करायचा, म्हणजे कपाळ जमिनीला टेकायचा, आणि मग ते माझ्यावर घासतच राहायचा. नमाजी माणसाच्या कपाळावर पडतो तो डाग काळा उठून दिसावा म्हणून! खरजेचं कुत्रं भिंतीला अंग घासतं ना, तसं. मग उठून भाषण: "जिहाद म्हणजे सत्यासाठी झगडा! वेळ आली तर जीव देईन!" जीव देईन म्हणणारा वीतभर जागा देत नव्हता.

एके दिवशी गटारं साफ करणाऱ्या माणसाची आई वारली. दुपारी मशिदीच्या अंगणात तिचा जनाजा, मय्यतीची खाट, आणून ठेवला. मय्यतीची नमाज उभ्यानंच होते. तिच्यात सजदा नसतो, म्हणून मुसल्ला लागतच नाही. तरी ठेकेदाराच्या मेव्हण्यानं मला आतून आणून पहिल्या रांगेत अंथरलं. लाजेनं माझी किनार वळली.

गटारवाला आईच्या जवळ, नेमका माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मेव्हणा खेकसला, "ए, मागं हो. दाजींची जागा आहे ती."

"भाऊ, समोर माझी आई आहे."

"असू दे. वास येतोय तुझ्या अंगाला."

"तीनदा अंघोळ करून आलोय, भाऊ."

रांगेत तीस माणसं होती. सगळी दाढ्या कुरवाळत आभाळ बघत होती, जणू तिथं पतंग उडत होते. थू!

तेवढ्यात ठेकेदार आला आणि माझ्यावर उभा राहिला. गटारवाला खाली मान घालून मागं सरकला. तेव्हा नमाज पढवणारे म्हातारे इमाम वळले. त्यांची खोली, त्यांची चूल, सगळं ठेकेदाराच्या शब्दावर होतं. ते वाकले.

"साहेब, पाय उचला जरा."

त्यांनी मला ओढून घेतलं आणि गुंडाळलं. दोनदा गुंडाळी सुटली, तिसऱ्यांदा त्यांनी ती काखेत दाबली. झगडा म्हणतात तो मी तेव्हा पाहिला: एका भित्र्या माणसाचा स्वतःच्या भीतीशी.

"बाळा, इकडं ये," ते गटारवाल्याला म्हणाले. "येते का तुला ही नमाज?"

"येते. आईनंच शिकवली."

"मग पुढं हो. आज तूच पढव. तिच्यावर पहिला हक्क तुझा."

ठेकेदार ओरडला, "आम्ही ह्या गटारवाल्याच्या मागं उभं राहायचं?"

"नसेल राहायचं तर बाजूला व्हा. ऊन वाढतंय."

ठेकेदार नाकाला रुमाल लावून निघून गेला. मेव्हणा गेला. आणखी सात जण गेले. उरलेल्यांपुढं त्या माणसानं चार वेळा 'अल्लाहु अकबर' म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज फुटला, चौथ्यांदा सावरला. इमामांच्या काखेतून मी ते ऐकलं. तेवढी एकच नमाज माझी मला खरी वाटते.

आठवड्यात इमामांना खोली सोडायला लावली. त्या संध्याकाळी एकेक जण हळूच येऊन त्यांच्या कानात म्हणत होता, "बरं केलंत हो!" त्या कुजबुजीची मला अत्तराहून जास्त किळस आली. नवे इमाम आलेत. आवाज गोड आहे त्यांचा. फार गोड. पहिल्या रांगेत नवा मुसल्ला आलाय, माझ्या दुप्पट जाड. गटारवाला आता इथं येत नाही.

मी कपाटात पडून आहे, मित्रांनो. माझी धूळ झटकू नका, धुळीचं मला काही नाही. एवढंच करा: कुठं तुमच्यासाठी पुढची जागा धरून ठेवलेली दिसली, तर तिथं पाय ठेवण्याआधी मोठ्यानं विचारा, इथून कुणाला उठवलंत?