अकरा नापास वड्या

मामांची जीभ हे कारखान्यातलं सगळ्यांत महागडं यंत्र आहे, असं मालकीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मामा ते ऐकून न ऐकल्यासारखं करत, पण मान जरा ताठ होई. पस्तीस वर्षं ते चॉकलेट चाखत होते. एकदा तुकडा जिभेवर ठेवून त्यांनी सांगितलं, की हा घाणा ढवळणारा माणूस सकाळी बायकोशी भांडून आलाय. चौकशी केली तर खरंच! दुसऱ्यांदा म्हणाले, हे दूध देणाऱ्या गाईने कुणाच्या तरी पुदिन्याच्या वाफ्यात तोंड घातलंय. गाय सापडली, वाफा सापडला, वाफ्याची मालकीण तर काठीसकट सापडली. यातलं घडलेलं किती आणि मामांनी पदरचं घातलेलं किती, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. गोष्ट सांगणारे मामाच होते आणि सांगत झकास.

तर अशी ही जीभ आठ महिन्यांपूर्वी एका क्षुल्लक तापात गेली. ताप उतरला, सर्दी गेली, आणि जाताना वास आणि चव दोन्ही काखोटीला मारून गेली. कामावर परतल्यावर मामांनी पहिला तुकडा तोंडात ठेवला, तर मेणबत्ती चोखल्यासारखं वाटलं. दुसरा ठेवला. तीच मेणबत्ती. समोर विक्रीवाले साहेब आणि प्रयोगशाळेतल्या ताई मामांच्या तोंडाकडे बघत बसलेले. चाखणीच्या खोलीतला रिवाजच तसा होता. पहिला तुकडा मामांचा. मामांनी पेन्सिल खाली ठेवल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. आता बोलणं भाग होतं.

मामा म्हणाले, "दोन चवी शेजारी बसल्यात, पण एकमेकींशी बोलत नाहीयेत. नापास."

दोघांनी माना डोलावल्या. कसलं अचूक बोलले!

त्याच क्षणी मामांना एक गोष्ट कळली आणि त्या गोष्टीनेच पुढे त्यांचा घात केला. वाईट वडी पास केली तर ती दुकानात जाते, लोक थुंकतात, आणि बिंग फुटतं. चांगली वडी नापास केली तर कुणाला काहीच कळत नाही. ती कधी बाहेरच पडत नाही, मग तक्रार कोण करणार? नेहमीच्या वड्यांचं काही अडत नव्हतं. त्या मोडल्याचा आवाज, बोटावर वितळायचा वेग, वरची झाक, एवढ्यावर मामा डोळे झाकून निकाल देत. अडचण होती ती नव्या, चमत्कारिक चवींच्या वड्यांची. त्या आल्या की मामा नापास करत सुटले.

आणि नव्या चवींच्या वड्या कोण करत होतं? मामांची सख्खी भाची.

खरं तर तिच्यामुळेच सगळा कारखाना त्यांना मामा म्हणे. वडील लवकर गेलेली मुलगी. मामांनीच तिला इथे आणलं, साचा कसा ठोकायचा, कोको किती भाजायचा, सगळं शिकवलं. तिच्या डोक्यात मात्र मामांनी न शिकवलेलं बरंच होतं. करपवलेला कांदा आणि मध. बीट आणि संत्र्याची साल. भाजलेल्या पावाची कड आणि जाड मीठ. काकडी आणि पांढरं चॉकलेट. मधात मुरवलेला लसूण. प्रत्येक वडी ती लहान मुलाला शाळेत सोडावं तशी चाखणीच्या खोलीच्या दारापर्यंत आणून सोडी आणि बाहेर काचेपाशी उभी राही.

"कांद्याला अजून रडू येतंय," मामा म्हणत. नापास.

"बीट मातीतून बाहेरच आलं नाहीये." नापास.

"लसूण उद्धट आहे." नापास.

विक्रीवाले साहेब ही वाक्यं वहीत उतरवून घेत. सात झाल्या, नऊ झाल्या, अकरा झाल्या. प्रत्येक वेळी काचेपलीकडची मान किंचित खाली जाई. मामा ते बघत. रोज ठरवत, आज सांगू. पण पस्तीस वर्षांचा रुबाब असा एका वाक्यात उतरवून ठेवायचा म्हणजे भर रस्त्यात धोतर सोडण्यासारखंच. उद्यावर जाई.

बाराव्या वडीच्या आदल्या दिवशी दुपारी भाची त्यांच्या टेबलाशी आली. हातात घडी घातलेला कागद होता.

"मामा, एक विचारू? मामा म्हणून नाही, चाखणारे म्हणून सांगा."

"विचार की."

"माझ्या हातात काही नाहीये ना?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चष्मा स्वच्छच होता.

"असं का म्हणतेस?"

"अकरा झाल्या. तुम्ही मुद्दाम करणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणजे दोष माझाच. उद्या शेवटची देते. नाही जमली तर हा कागद बाईंना देऊन मोकळी होते. बहिणीच्या दुकानात बसेन, कापड मोजेन. मीटर तरी चुकत नाही."

सांगायची वेळ हीच होती. तिसरं कोणी नव्हतं, दार लोटलेलं होतं. मामांनी तोंडही उघडलं. बाहेर काय पडलं? "अगं, वेडी आहेस का! उद्याची आण तर खरी. मला वाटतंय, उद्या होतंय बघ काहीतरी."

ती गेल्यावर मामांनी ठरवून टाकलं. उद्या काहीही येवो, पास. उद्या तिने साच्यात वीट ओतून आणली तरी पास. हे ठरल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं, की आपण मोठाच उपकार करतोय असं वाटायला लागलं. लाज बाजूला सरली आणि तिच्या जागी थोडा अभिमान येऊन बसला. माणसाचं मन हे असं असतं, त्याला बसायला नुसती जागा करून द्यावी लागते.

बारावी वडी आली. काळं चॉकलेट, आत संत्र्याच्या सालीचा कीस. मालकीणबाईही मुद्दाम येऊन बसल्या होत्या. आज भाचीलाही आत बोलावलं होतं. ती दाराशी हात बांधून उभी.

मामांनी वडी मोडली. आवाज खणखणीत. तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले. मेणबत्ती. आणि मग मामा सुटले.

"अहाहा! हे बघा, आधी काही बोलतच नाही ती. शांत. मग हळूच साल पुढे येते, लाजत लाजत, नव्या सुनेसारखी. आणि शेवटी असा काही गोडवा सोडून जाते, की वाटतं, पाव्हणे जाऊ नयेत. पस्तीस वर्षांत अशी वडी मी चाखली नाही! पास. पास काय, डोक्यावर घ्या हिला!"

पेन्सिल खाली ठेवली. बाकीच्यांनी तुकडे उचलले.

विक्रीवाले साहेबांचे डोळे आधी मोठे झाले, मग भरून आले. नाकाचा शेंडा लाल झाला. तरी ते म्हणाले, "खरंच... धीट आहे." प्रयोगशाळेतल्या ताईंना उचकी लागली. उचकीच्या मधल्या फटीतून त्या म्हणाल्या, "शेवट... मामा म्हणतात तसाच..." मालकीणबाईंनी घोट घोट करत एक पेला पाणी संपवलं आणि दुसरा ओतला. पण बोलल्या नाहीत. मामांनी डोक्यावर घेतलेली वडी खाली कोण उतरवणार?

भाचीने तिघांकडे पाहिलं. पुढे झाली, ताटलीतला तुकडा उचलून तोंडात टाकला, आणि तशीच कोपऱ्यातल्या बेसिनकडे धावली.

साली मुरवायच्या दोन बरण्या तिच्या ओट्यावर असत. एकीत पाकातल्या, दुसरीत खारवलेल्या. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. तिने खारवलेल्या घातल्या होत्या, मूठभर. तोंडात घालवत नव्हतं असं मीठ.

ती वळली तेव्हा चेहरा धुतलेला होता, पण डोळे धुवून निघाले नव्हते.

"मामा," ती म्हणाली, "नापास करायचं होतं तर करायचं ना. अशी थट्टा कशाला? सगळ्यांसमोर? नव्या सुनेसारखी म्हणे! एवढी वाईट आहे का मी?"

"अगं, थट्टा नाही..."

"मग काय? मीठ आहे नुसतं! शेंबड्या पोरालाही कळेल. चूक माझीच, बरणी बदलली. महिनाभर मी माझी वडी तोंडातच घातली नाहीये. तुम्ही अकरा वेळा नापास केल्यावर माझी जीभ मलाच खोटी वाटायला लागली. म्हणून चाखली नाही. आणि तुम्ही..." तिने खिशातला कागद काढून मालकीणबाईंसमोर ठेवला.

मामांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बरणी बदलली कुणी, हे त्यांना लख्ख दिसत होतं. बरणीला हात तिचा लागला होता, एवढंच.

"मला मीठ कळलं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कळतच नाही. मीठ, साखर, कडू, काहीच. त्या तापापासून. आठ महिने झाले."

ताईंची उचकी थांबली. मामांना वाटलं, आता कोणीतरी हसेल. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. विक्रीवाले साहेब हातातल्या वहीकडे बघत होते. धीट आहे, असं ते आत्ताच बोलून बसले होते. तेही मान वर करेनात.

भाचीने फार हळू विचारलं, "मग त्या अकरा?"

"त्याही. न कळताच."

"लसूण उद्धट आहे म्हणालात. मी तीन आठवडे त्याला सभ्य करत बसले होते, मामा."

मामा चष्मा काढून पुसत बसले.

प्रत्येक नापास वडीचे काही तुकडे वर्षभर डब्यात बंद करून ठेवायची कारखान्याची पद्धत होती. मालकीणबाईंनी अकराही डबे मागवले. मामा उठून जायला लागले तशा त्या म्हणाल्या, "बसा. आज आम्ही चाखतो. तुम्ही लिहा."

मामा बसले. तिघं आणि भाची, चौघं चाखत गेली आणि मामा लिहीत गेले. काकडीची वडी वाईटच होती; भाचीनेच तोंड वाकडं करून तसं सांगितलं. आणखी तीन बेताच्या निघाल्या. पण पावाच्या कडेची खाताना ताईंनी न विचारता दुसरा तुकडा उचलला. लसणाच्या वडीला विक्रीवाले साहेब एवढंच म्हणाले, "अरेच्चा." मामांनी तेही लिहिलं. आपल्याच जुन्या शेऱ्याखाली, आपल्याच अक्षरात. सात पास. सात वेळा त्यांना 'नापास' वर काट मारावी लागली, आणि प्रत्येक काट मारताना काचेपलीकडे खाली जाणारी ती मान दिसत होती.

भाचीने शेवटी तो कागद परत मागून घेतला. मालकीणबाईंनी दिला. मामांचं काय, ते उद्या बोलू म्हणाल्या.

संध्याकाळी दोघं एकाच रस्त्याने निघाली. भाची दहा पावलं पुढे. मामा मागे, हातातला जेवणाचा डबा छातीशी धरून. कोपऱ्यावर ती थांबली. वळली नाही.

"मामीला माहीत आहे?"

"नाही."

"मग आज सांगा. मी बरोबर येते."

"मी सांगतो की. तू कशाला..."

"तुम्ही एकटे सांगाल, तर घर येईपर्यंत त्यात गाय येईल, वाफा येईल. मी येते."

मामीने दार उघडलं. दोघांचे चेहरे बघून ती बाजूला झाली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली. "काय झालं?"

मामांनी भाचीकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती.

"मला चव लागत नाही. आठ महिने," मामा म्हणाले.

मामीने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "अहो, पण तुम्ही तर रोज 'वा, झकास' म्हणून जेवताय. जन्मात कधी म्हणाला नव्हतात. दोनदा तर मी मीठच विसरले होते, तरी म्हणालात."

मामांनी मान खाली घातली.

"मला वाटलं," मामी म्हणाली, "आता म्हातारपणी तरी माझं कौतुक वाटायला लागलं तुम्हाला."

आणि ती आत गेली. दार तिने उघडंच ठेवलं होतं. तरी मामांना बराच वेळ आत पाऊल टाकवेना.