झाराच्या ओठांपर्यंत

मी एक औषधाची बाटली बोलतेय, मुठीत मावेन एवढी. आईच्या रक्तातला एचआयव्ही बाळाला लागू नये म्हणून जन्मल्याबरोबर पाजायचं औषध माझ्या पोटात असतं. रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यातल्या कपाटात मी बसून होते. माझे पैसे पडत नाहीत. पण मी असते शहरात, आणि बाळं जन्मतात कुठेही.

अलफियाचं बाळंतपण रत्नागिरीलाच व्हायचं होतं. पण दिवस भरायच्या आधीच, पहाटे, खाडीपलीकडे हेदवीजवळच्या छोट्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. तिथे माझ्यासारखी एकही बाटली नव्हती. अलफियाचा आजार घरात ठाऊक होता तो फक्त नवऱ्याला आणि सासूला. नवरा बोटीवर, दूर आखातात. मग सासू, सुरय्या, स्वतःच मला न्यायला आली. औषध जितकं लवकर पोटात जाईल तितकं बरं, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं.

तिनं मला ओढणीत गुंडाळलं. जयगडला पोचलो, तर तोवर वाऱ्यामुळे खाडीतली फेरीबोट बंद. रस्त्यानं वळसा घ्यायचा तर संध्याकाळ होणार. धक्क्याला दाजी होडी बांधत होते. ओळखीचे, मासळीच्या व्यवहारातले. पलीकडे सोडाल का, असं तिनं विचारलं. वाऱ्याकडे बघून त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"नात झालीय," सुरय्या म्हणाली. "तिचं औषध आहे. ते कसलं, तर..."

तिची मूठ माझ्याभोवती घट्ट झाली.

"कसला औषध ता नको सांगूस, भाभी," दाजी म्हणाले. "कोरडा ठेव म्हंजे झाला."

वारा जरा पडल्यावर त्यांनी होडी काठाकाठानं काढली. खारं पाणी उडत होतं. सुरय्या चिंब भिजली. मी मात्र कोरडी राहिले.

नर्सनं माझ्यातलं इवलंसं औषध पिचकारीत ओढून बाळाच्या ओठांशी नेलं. बाळानं तोंड वेडंवाकडं केलं आणि गिळलं. एवढ्याशा घोटात एक अख्खं आयुष्य जपलं जातं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पुढे रोज माझ्यातलं थोडं थोडं तिच्यात गेलं. ती झारा झाली, मी रिकामी. ती दीड वर्षाची झाल्यावर तिच्या रक्ताची शेवटची तपासणी झाली.

"म्हणजे आता नक्की?" अलफियानं विचारलं.

"नक्की. काही नाही तिला," डॉक्टर म्हणाले.

सुरय्यानं झाराला उचलून कडेवर घेतलं.

औषधाचं नाव कुणी वाचू नये म्हणून तिनं माझ्यावरचा कागद खरवडून मला घरी फळीवर ठेवलंय. रिकामी असले तरी एक मागते: गावागावातल्या दवाखान्यांत माझ्या बहिणी आधीच पोचवून ठेवा.

झारा कधी मला खाली ओढते, अंगणात घरंगळत सोडते आणि मागे धावत सुटते. मी कोण, हे तिला माहीत नाही. ती धावते, आणि मी बघत राहते.